नातेलामावशीचा देश आणि आईची म्हैस

आम्ही साताऱ्याहून निघालो तेव्हा ईरा दोन वर्षांची होती आणि आजीच्या मांडीवर बसून म्हशीची गोष्ट ऐकत होती. २०१०चा फेब्रुवारी. भाड्याची तवेरा, टपावर बॅगा, पुढे माझा नवरा नितीन आणि ड्रायव्हर, मागे आई, मी, ईरा आणि ठेच्याची बरणी. बरणी मोठ्या बॅगेत टाकते म्हटलं तर आई म्हणाली, "फुटली म्हणजे? तिकडं कोण वाटून देणारय तुला?" मुंबईच्या विमानतळापर्यंत ती बरणी तिने दोन पायांत धरून आणली. शेवटी मी ती बॅगेतच टाकली, आणि सिंगापूरला पोचल्यावर पहिला महिनाभर माझ्या ऑफिसच्या शर्टांना लसणीचा वास येत होता. पण ते नंतरचं.

म्हशीची गोष्ट आईची स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नाही. एक उनाड म्हैस असते. ती रोज दावं तोडून निघते आणि रोज नव्या गावाला जाते. कधी वाईला घाटावर डुंबते, कधी कासच्या पठारावरची फुलं खाते आणि फॉरेस्टवाले काठ्या घेऊन मागे लागतात. या गोष्टीला शेवट नाही, फक्त एक नियम आहे. ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचं. "हं म्हटलं नाहीस तर म्हैस जागची हलत नाही," असं आई मला लहानपणी म्हणायची, तेच आता ईराला म्हणत होती. ईराला तेव्हा धड चार शब्द येत नव्हते, पण 'हं' अगदी पक्कं. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली, अंधार झाला, आई म्हणाली, "आणि म्हैस शिरली बोगद्यात." अंधारातून ईराचा आवाज आला, "हं." मग पोरीला झोप लागली आणि गोष्ट तिथेच राहिली.

विमानतळाच्या काचेच्या दारापाशी आई रडली नाही. माझ्या पदराला, म्हणजे ओढणीला, हात पुसत म्हणाली, "पैसा कमवाल, घर घ्याल, सगळं कराल. माझं एकच मागणं आहे. पोरीला माझ्याशी बोलती ठेव." मी मान हलवली. मला ते फार सोपं वाटलं होतं.

तुमच्यातले जे परदेशी गेले नाहीत त्यांना वाटतं आम्ही तिकडे जाऊन मराठी विसरलो, कारण आम्ही चढेल झालो. आणि जे गेले त्यांना ठाऊक आहे की तसं काही होत नाही. काहीच होत नाही, हीच तर गंमत. सिंगापुरात यिशुन नावाच्या भागात आम्हाला दहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खाली हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार, पाच मिनिटांवर MRT ही मेट्रो, नळाला चोवीस तास पाणी, लिफ्ट बंद पडली तर तासाभरात माणूस हजर. मी मनापासून सांगते, या गावाने आम्हाला कधी परकं वाटू दिलं नाही. ऑफिसात इंग्रजी. खालच्या मजल्यावरच्या लखनौच्या बाईंशी हिंदी. ईराच्या नर्सरीत इंग्रजी, आणि कोपऱ्यावरच्या चिनी आँटीशी जी काय बोलतात ती इंग्रजी. संध्याकाळी घरी येऊन मी थकलेली असायचे आणि पोरगी ज्या भाषेत विचारेल त्याच भाषेत उत्तर देऊन मोकळी व्हायचे. नितीन म्हणायचा, "एक भाषा तरी नीट येऊ दे तिला, उगीच डोक्यात खिचडी नको." चार वर्षांची असताना ती लिफ्टचं दार धरून मला ओरडली, "आई, फास्टर लाह!" वाक्याच्या शेवटी हा 'लाह' म्हणजे इथल्या इंग्रजीची शेपटी. आम्ही दोघं पोट धरून हसलो. फोन करून साताऱ्याला सांगितलंसुद्धा.

२०१२ला आई आली. येताना ठेचा, मेतकूट, आणि म्हशीची गोष्ट. पहिल्याच संध्याकाळी ईराला मांडीवर घेऊन तिने सुरुवात केली, "तर काय झालं, म्हैस बोगद्यातनं बाहेर आली..." आणि थांबली. वाट बघत राहिली. ईराने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी टॉकिंग व्हॉट? कान्ट अंडरस्टँड लाह." मग उतरून खेळायला पळाली. आई रोज प्रयत्न करायची, रोज तेच. तिचा पास महिन्याचा होता, ती पंधरा दिवसांत परत गेली. म्हणाली, शेंगा काढायला आल्यात. मार्चमध्ये कसल्या शेंगा? आमचं शेत तर वाट्याने दिलेलं. त्यानंतर दरवर्षी बोलावलं की तिचं काहीतरी निघायचं, कधी गुडघा, कधी भिशी, कधी शेजारणीच्या मुलीचं बाळंतपण. स्काइपवर ईरा समोर आली की आई नुसती हसायची, ईरा "हाय आजी" म्हणायची, आणि मग दोघी माझ्याकडे बघायच्या. मी दुभाषी. असले फोन किती वेळ चालणार?

पुढे ईराचं पहिलीला नाव घालायची वेळ आली. इथल्या शाळेत मातृभाषा हा विषय सक्तीचा आहे आणि आपल्यासारख्यांना त्यात तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू असं काय काय घेता येतं. मराठी नाही. आम्ही हिंदी घेतली, सगळे घेतात. तर सरकारदरबारी माझ्या लेकीची मातृभाषा हिंदी झाली. मी आईला सांगितलं तेव्हा वाटलं चिडेल. ती म्हणाली, "बरं झालं. टीव्हीवर हिंदी मालिका बघतेच मी. शिकते थोडी. म्हणजे बोलता येईल तिच्याशी." चिडली असती तर परवडलं असतं. फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्याच सुमाराला नातेलामावशी आमच्या मजल्यावर राहायला आली. मावशी मी म्हणते. साठीकडे झुकलेली, आईपेक्षा थोडी लहान, काळा पोशाख, चांदीसारखे केस आणि पहाडी आवाज. मुलगा गिओर्गी जवळच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर, सून एका क्लिनिकमध्ये, आणि लुका नावाचा नातू ईराच्याच वयाचा. कुठल्या तुम्ही, असं मी लिफ्टमध्ये विचारलं. "जॉर्जिया," ती म्हणाली. मी ऐटीत म्हटलं, "हो हो, अमेरिकेत." तिने माझ्याकडे असं पाहिलं की दहा मजले संपता संपेनात. मग विचारलं, "तू कुठली?" भारत म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. "हत्तीचा चहा!" ती ओरडली. तिच्या लहानपणी, सोव्हिएत काळात, हत्तीचं चित्र असलेल्या पुड्यातून भारताचा चहा यायचा आणि त्यासाठी लोक रांगा लावायचे म्हणे. गंमत म्हणजे तिची आई स्वतः चहाच्या मळ्यात पानं खुडायची. सबंध सोव्हिएत संघाला चहा पुरवायचा तो याच लोकांनी, आणि त्यांना स्वतःला हवा असायचा आपला. मी तिला घरी बोलावून आपला चहा दिला, आलं घालून, दूध-साखरेत उकळून. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मंजू, या बिचाऱ्या पानांनी तुझं काय वाकडं केलं होतं?"

तिथून आमचं जमलं. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं पण बेधडक, आणि ती तिबिलिसी या त्यांच्या राजधानीतल्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होती. सांगायला बसली की ऐकत राहावं. काळ्या समुद्राच्या काठचा एवढासा देश. रशियात क्रांती झाली त्या धामधुमीत स्वतंत्र झाला, तीन वर्षं कसाबसा श्वास घेतला, आणि लाल सैन्य आलं. मग आर्मेनिया आणि अझरबैजानबरोबर एका खोपटात कोंबला, मग पुन्हा वेगळा काढून सोव्हिएत संघाचं एक प्रजासत्ताक केला. तिथल्याच एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा मॉस्कोत जाऊन सगळ्यांचा धनी झाला, आणि त्याने आपल्याच माणसांना काडीची दयामाया दाखवली नाही. नातेलामावशीच्या आजोबांना एका पहाटे गाडीतून नेलं ते नेलंच. तरी शाळा चांगल्या होत्या, ती म्हणायची, दवाखाने फुकट होते, माझ्यासारखी चहा खुडणारणीची पोर विद्यापीठात गेली. कुणाची उधारी ठेवून बोलणारी बाई नव्हती ती, चांगलं ते चांगलं आणि वाईट ते वाईट.

ती बोलायची आणि मी सवयीने 'हं, हं' करायचे. एकदा थांबून तिने विचारलं, हे काय करतेस सारखं? मी तिला म्हशीचा नियम सांगितला. ती खो खो हसली. म्हणाली, "आमच्याकडे सत्तर वर्षं सगळे हंच म्हणत होते. पण ते भीतीने." आणि मग सांगितली ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

१९७८ साल. ही विद्यापीठात होती. प्रजासत्ताकाची नवी घटना लिहिली जात होती आणि जुन्या घटनेतलं एक वाक्य त्यातून गाळलं होतं. आमची राज्यभाषा जॉर्जियन आहे, एवढंच ते वाक्य. मॉस्कोचं म्हणणं, कशाला हवं वेगळं, रशियन आहे की सगळ्यांना. एप्रिलच्या चौदा तारखेला पोरं वर्गातून उठली आणि चालत सुटली. वाटेत माणसं मिळत गेली. पावाच्या दुकानातल्या बायका आल्या, मास्तर आले, ट्रॉलीबसचे ड्रायव्हर आले. सैन्य उभं होतं. त्या देशात असं रस्त्यावर उतरणं म्हणजे काय, हे आपल्याला इथे बसून कळायचं नाही. आपण मोर्च्यांवर वाढलेली माणसं, तिथे नुसतं चारजणांनी एकत्र उभं राहणं म्हणजे आयुष्याची माती. नातेलामावशीच्या खिशात एक उकडलेलं अंडं आणि पाव होता, तुरुंगात नेलं तर लागेल म्हणून. सगळे सरकारी कचेरीसमोर उभे राहिले आणि हटेनात. शेवटी पक्षाचा तिथला प्रमुख बाहेर आला आणि म्हणाला, वाक्य राहील. राहिलं! सबंध सोव्हिएत संघात असं कुठे होत नव्हतं. मी तिला आपल्याकडचं सांगितलं, मुंबईसाठी आपणही उतरलो होतो रस्त्यावर, माणसं गेली होती. तिने उठून माझ्या कपाळाचा मुका घेतला.

पुढचं तिने सगळं सांगितलं. दहा-अकरा वर्षांनी पुन्हा लोक त्याच रस्त्यावर बसले तेव्हा सैन्य थांबलं नाही, बायका मारल्या गेल्या. मग स्वातंत्र्य आलं आणि त्याच्या पाठोपाठ अंधार आला. खराखुरा अंधार, वीज नाही, गॅस नाही, पावाला पहाटेपासून रांग, रस्त्यात आपलीच माणसं आपल्याच माणसांवर बंदुका रोखून. ही कोट घालून वर्गात शिकवायची आणि मुलं दप्तराबरोबर एकेक लाकूड आणायची शेगडीसाठी. वर्गात सोव्हिएत संघाचा मोठा कापडी नकाशा होता. त्याच्या लाकडी दांड्या शेगडीत गेल्या आणि नकाशा खिडकीला लावला, वारा अडवायला. "आयुष्यात पहिल्यांदा तो उपयोगी पडला," असं म्हणून ती डोळे पुसेपर्यंत हसली. मी मात्र बघत राहिले. असल्या दिवसांतून आलेली ही बाई, आणि तिचा नातू लुका यिशुनच्या दहाव्या मजल्यावर फाडफाड जॉर्जियन बोलत होता! त्यांची ती तेहतीस अक्षरं, जिलब्या पाडल्यासारखी गोल गोल, फळ्यावर काढत होता. कसं जमवलंस, मी विचारलं. "चीज घातलेली गरम भाकरी हवी असेल तर माझ्या स्वयंपाकघरात माझ्या भाषेत मागायची. उपाशी पोर काय वाटेल ते शिकतं."

मग तिने सरळ विचारलं, "आणि तुझी ईरा?" मी हिंदीच्या वर्गाचं सांगितलं, शाळेत मराठी नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "शाळेत नाही. घरात कुणी अडवलंय तुला?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच राग आला. म्हटलं, तुमचं बरं होतं, तुमच्यासमोर सैन्य होतं, लढायला कुणीतरी होतं. आम्ही कुणाशी लढायचं? सकाळी सातला घराबाहेर पडायचं, संध्याकाळी सातला परत, आणि दोन भाषा आधीच पोरीच्या डोक्यावर. तुम्हाला एकच भाषा जपायची होती! माझा आवाज चढला होता. घरी येऊन मी नितीनवर भांडी आपटली, त्याचा काही संबंध नसताना.

आठवड्याने तीच दारात आली, म्हणाली, रविवारी आपण बेटावर जाऊ. पुलाउ उबीनला जायची बोट आपल्या वडापसारखी, माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. मुलं आणि नितीन सायकली घेऊन पुढे गेले. आम्ही दोघी एका जुन्या कांपोंग, म्हणजे मलय खेड्यातल्या, घरासमोर शहाळं पीत बसलो. पत्र्याचं छप्पर, अंगणात कोंबड्या, दोरीवर धुणं. ती त्या अंगणाकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "माझं गाव असंच होतं. आणि तिथे आम्ही जॉर्जियन बोलत नव्हतो."

मी 'हं' म्हणायचंसुद्धा विसरले.

तिचं गाव पश्चिमेला झुगदिदीजवळ, मेग्रेल या जॉर्जियातल्याच एका समाजाचं. घरात, मळ्यात, भांडणात, अंगाईत मेग्रेली. ती भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. शाळेत गेलं की मातृभाषा म्हणून जॉर्जियन. "तुझ्या ईराच्या हिंदीसारखं," ती म्हणाली. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, जॉर्जियन तिला प्राणाहून प्रिय, त्यासाठी तर ती खिशात अंडं घेऊन निघाली होती. पण लग्न तिबिलिसीच्या माणसाशी झालं, नोकरी शहरात, आणि गिओर्गी झाला तेव्हा तिनेही म्हटलं, एक भाषा नीट येऊ दे त्याला. अंधाराच्या त्या वर्षांत तिची आई गावाहून तिच्याकडे आली, आजारी होती. शेवटच्या दिवसांत म्हातारीची जॉर्जियन गेली, मेग्रेलीच उरली. नातेलामावशी पावाच्या रांगेत होती आणि बारा वर्षांचा गिओर्गी आजीजवळ बसला होता. म्हातारी बराच वेळ बोलली, त्याचा हात धरून. मग गेली. "काय म्हणाली, असं मी त्याला विचारलं. त्याला कळलंच नव्हतं. पाणी मागितलं की आशीर्वाद दिला, मला आजतागायत माहीत नाही." कोंबड्या आमच्या पायांपर्यंत आल्या होत्या. तिने शहाळ्यातली मलई काढून त्यांना टाकली आणि म्हणाली, "त्या वाक्यासाठी मी सैन्यासमोर उभी राहिले. घरात मला कुणीच अडवलं नव्हतं गं, मंजू."

त्या रात्री मी आईला फोन केला. म्हटलं, गुडघा असू दे नाहीतर भिशी असू दे, तिकीट काढलंय.

आई २०१५च्या डिसेंबरात आली आणि नातेलामावशीने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्यांच्या मेजवानीला सुप्रा म्हणतात. एकजण तमादा असतो, तो एकेका विषयावर बोलून पेला उचलायला लावतो, आणि जेवण तासन्‌तास चालतं. त्या दिवशी गिओर्गी तमादा होता. आई परक्या घरी मटण खात नाही म्हणून सगळं शाकाहारी केलं होतं, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, राजम्यासारखी उसळ, चीजची भाकरी. आणि मक्याचं घट्ट शिजवलेलं घोमी नावाचं काहीतरी, ते बघताच आई म्हणाली, "अगं, या तर कण्या!" त्याबरोबर लाल मिरची, लसूण आणि मेथीच्या जातीचं काहीतरी घालून वाटलेली अजिका. आईने बोट लावून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाईंना विचार, पाट्यावर वाटलीय ना?" विचारलं. दगडावरच वाटली होती, दगड गावाहून आणला होता. आई आणि नातेलामावशी एकमेकींकडे पाहून अशा हसल्या की जणू एका गल्लीतल्या.

पुढे मात्र पंचाईत झाली. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, पानात टाकायचं नाही. आई ताट चाटूनपुसून लख्ख करायची. आणि त्यांच्यात पाहुण्याची ताटली रिकामी दिसणं म्हणजे यजमानाची अब्रू गेली. आईने संपवलं की नातेलामावशी वाढायची, तिने वाढलं की आई संपवायची. दोघी घामाघूम. एकीकडून नातेलामावशी माझ्या कानात, "तुझी आई कधीपासून उपाशी आहे?" दुसरीकडून आई, "यांना आवर गं बाई, जीव जाईल माझा." शेवटी मी म्हटलं, "आई, थोडं पानात टाक." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाला शिवी दिली. मग दोन वांगी ताटात ठेवून, मान खाली घालून बसली. नातेलामावशीने सुटकेचा श्वास सोडला.

गिओर्गीने पाहुण्यांसाठी पेला उचलला, आईवडिलांसाठी उचलला. आईच्या पेल्यात द्राक्षाचा रस. मग गेलेल्या माणसांची पाळी आली आणि नातेलामावशी उठून उभी राहिली. बोलू लागली. गिओर्गीची मान हळूच वर झाली, मग खाली गेली, आणि मला समजलं की ही जॉर्जियन नाही. मला एकच शब्द कळत होता, दिदा, आई, तो तिने मला बेटावर सांगितला होता. तिच्या मुलाला कळत नव्हतं, नातवाला कळत नव्हतं, त्या टेबलावर कुणालाच कळत नव्हतं. अर्ध्या वाक्यात ती थांबली.

"हं," आई म्हणाली.

नातेलामावशीने आईकडे बघितलं. आईने ताटावरचा हात काढला, नीट तिच्याकडे वळून बसली आणि पुन्हा म्हणाली, "हं." नातेलामावशी पुढे बोलली. एक वाक्य, हं. दुसरं वाक्य, हं. किती वेळ चाललं कोण जाणे. गिओर्गी उघड रडत होता, आणि मी तर काय, माझं विचारूच नका. संपल्यावर नातेलामावशीने पेला रिकामा केला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

घरी येताना कॉरिडॉरमध्ये ईराने मला विचारलं, "आजी ऑल्सो डोन्ट नो दॅट लँग्वेज, राइट? देन व्हाय शी से हं?" मी आईला विचारलं. आई चपला काढत म्हणाली, "बाई एवढं मनापासनं बोलतीय, आणि मी काय दगडासारखी बसू?" मी ईराला ते सांगितलं, आणि म्हशीच्या गोष्टीचा नियमही. ती विचारात पडली. कपडे बदलून आली, आजीच्या शेजारी सोफ्यावर चढून बसली आणि इंग्रजीत म्हणाली, तुझी ती बफेलो कुठे आहे? एवढं आईला कळलं.

"म्हैस?" आई म्हणाली. "म्हैस बोगद्याच्या तोंडाशी उभीय. सहा वर्षं होत आली. हं कुणी म्हणंना, मग हलणार कशी?"

मी ईराला सांगायला तोंड उघडलं, तर आईने हात करून मला गप्प केलं. ईराने आजीच्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच, परीक्षेत उत्तर देतात तसं, म्हणाली, "हं."

त्या सुट्टीत म्हैस पुण्यापर्यंत आली. आईने पास संपेपर्यंत एक दिवस कमी केला नाही. ती परत गेल्यावर स्काइपवर, आणि मग व्हॉट्सअॅपवर, ईराच्या जेवणानंतर रोज गोष्ट. पहिलं वर्षभर ईरा नुसतं हं म्हणायची. मग एक दिवस हं ऐवजी "का?" आलं. मग "कुठे?", मग "आजी, म्हशीला पासपोर्ट लागत नाही का?" व्याकरण आजही अगाध आहे, म्हशीला ती कधी तो म्हणते कधी ते, आणि चिडली की 'लाह' येतोच. इथल्याच सेरंगून भागातल्या मैत्रिणीकडे गणपतीला सगळी पोरं एका खोलीत इंग्रजी बोलत होती आणि ईरा त्यांना म्हशीची गोष्ट सांगत होती, प्रत्येकाला हं म्हणायला लावत. मी दारात उभी राहून ऐकत राहिले, मोदक गार झाले.

नातेलामावशी २०१७ला मायदेशी परतली, गिओर्गीचं इथलं काम संपलं. जाताना तिने आईसाठी अजिकाची बरणी दिली आणि बॅगेत टाकू नको म्हणून बजावलं. आता ती झुगदिदीजवळ आईच्या घरात असते आणि लुकाला, तो सुट्टीत आला की, मेग्रेलीत भाकरी मागायला लावते. एवढासा देश, कितीजणांनी गिळायला बघितला, आणि त्यातल्या एका गावात एक भूगोलाची बाई पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतेय. मला तिचा फार अभिमान वाटतो. माझं काही नातं नसताना वाटतो.

लोक विचारतात, परत कधी येणार? मला माहीत नाही. फ्लॅट यिशुनला आहे, ईराची शाळा इथे आहे, आम्हाला इथे आवडतं. पण घर कुठे असं विचारलंत तर आता मी गावाचं नाव घेत नाही. जिथे मी बोलले तर पलीकडून हं येतं, ते माझं घर. ते साताऱ्यात आहे, इथे सोफ्यावर आहे, आणि थोडंसं काळ्या समुद्राच्या काठीही आहे.

परवा संध्याकाळी साताऱ्याचं नेट गेलं. म्हैस मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोहत होती, सिंगापूर दिसायला लागलं होतं, आणि पडद्यावर आईचा चेहरा तोंड उघडं असतानाच थांबला. मी म्हटलं, ठेव आता, उद्या बोल. ईरा अकरा वर्षांची घोडी झालीय, पण फोन सोडीना. दोन्ही हातांनी धरून त्या थांबलेल्या चेहऱ्याला म्हणत राहिली, "हं. आजी, हं. आजी, मी हं म्हणतेय ना, हं!"

पडदा हलला. आई म्हणाली, "ऐकू आलं गं बाई. चालली बघ म्हैस."